भिंत पाडली, दार ठेवलं

सुरुवात खालच्या मजल्यावरून झाली. 2022च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी खालचे काका मोबाइल घेऊन वर आले आणि त्यांनी त्यांच्या बेडरूमच्या छताचा फोटो दाखवला. बाथरूमच्या भिंतीला लागून एक पिवळट डाग, कडेने रंगाचे पोपडे. "गेल्या पावसाळ्यात पुरीएवढा होता," ते म्हणाले. फोटोत तो परातीएवढा दिसत होता. काकांनी आवाज चढवला नाही, चहाही घेतला. पण उठताना सोसायटीच्या उपविधींची आठवण करून दिली. संडास-बाथरूममधून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते, त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मानपाड्याच्या पुढे. ताबा 2011चा, मजला चौथा, घर टू बीएचके. ज्या खोलीला बिल्डरने ब्रोशरमध्ये मास्टर बेडरूम म्हटलं होतं (मास्टर कोण, ते अजून ठरलेलं नाही), तिला जोडून पाच बाय आठ फुटांचं बाथरूम. आमचे प्लंबर मूळचे चिपळूणचे. त्यांनी बाथरूमचं पाणी जातं तिथली, नहाणी ट्रॅपवरची जाळी काढली, आत बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, वरवर केमिकल ओतून काही व्हायचं नाही. तळापर्यंत तोडावं लागेल."

नवरा दारात उभा होता. "सगळं तोडायचंच आहे ना?" त्याने विचारलं. "मग ही भिंत तरी कशाला ठेवायची?"

हे त्याला त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आम्ही गोव्याला दोन रात्री एका हॉटेलात राहिलो होतो. तिथे पलंग आणि शॉवर यांच्यामध्ये फक्त काच होती. मी पहिल्या दिवशी पडदा पूर्ण सोडून आणि नवऱ्याला बाल्कनीत पाठवून आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी नुसता पडदा सोडून. त्याने मात्र परतल्यापासून मोबाइलमध्ये तसल्या खोल्यांची चित्रं साठवायला सुरुवात केली होती. बेडरूम आणि बाथरूम मिळून एकच मोकळी जागा, मध्ये भिंत नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. हॉटेलच्या खोल्या लांबट असतात, खिडकी एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला कॉरिडॉरकडे, काळोखात. काच लावली की उजेड आतपर्यंत पोचतो आणि खोलीही मोठी वाटते. आमच्याकडे तोच प्रकार होता. बेडरूमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, आणि तिच्या काचपट्ट्यांतून उजेडापेक्षा कबुतरांची पिसं जास्त येतात. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तोंड धुता येत नव्हतं.

मला वाटलं होतं, सासूबाईच हा बेत हाणून पाडतील. मी तसं त्यांच्यापुढे विषय काढून वाटच बघत बसले. त्यांचं माहेर नौपाड्यातल्या चाळीचं, दोन खोल्या आणि माणसं नऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मोरीसारखंच की. स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी, गुडघ्याएवढी भिंत. बंबाचं पाणी घंगाळात काढायचं, आईने नाहीतर बहिणीने लुगडं धरायचं आणि दोन मिनिटांत उरकायचं. आंघोळीचं काही नाही गं."

नवरा विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागला.

"पण संडास बाहेर होता," आई पुढे म्हणाल्या. "गॅलरीच्या टोकाला. तो घरात आला तेव्हा त्याच्याबरोबर दार आलं. ते दार मी काढू देणार नाही."

ह्या वाक्यावर आमचं सगळं बाथरूम शेवटी उभं राहिलं. त्या दिवशी मात्र ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण डिझायनर अजून यायची होती.

ती आली, गोड मुलगी होती, लॅपटॉपवर थ्रीडी चित्रं घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी अंड्याच्या आकाराचा पांढराशुभ्र टब, बाजूला लाकडी स्टूल, त्यावर एक मेणबत्ती. कमोड एका अर्ध्या भिंतीआड. मी चित्र बराच वेळ बघितलं. त्यात बादली नव्हती, मग नव्हता, वाळत घातलेला टॉवेल नव्हता, हेल्थ फॉसेटची नळीही नव्हती. त्या घरात कोणी कधी ओलं होत नसावं.

टबाचा निकाल वजनाने लावला. सोसायटीने परवानगीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागितलं होतं, ते देणारे गृहस्थ घरी आले. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून काढतात, असं त्यांनी सांगितलं. टबात दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर टबाचं वजन आणि आतल्या माणसाचं, आणि हे सगळं सव्वा चौरस मीटरवर. "लगेच कोसळणार नाही," ते म्हणाले, "पण मी सही करणार नाही." घोडबंदर रोडला आठवड्यातून तीनदा टँकर मागवणाऱ्या सोसायटीत कोणी दोनशे लिटरच्या टबात बसणार, हे मलाही पटत नव्हतंच.

त्यांनी भिंतीवर बोटाने ठकठक करून बघितलं. आमची इमारत जुन्या पद्धतीची, म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा आणि मधल्या भिंती ब्लॉकच्या. ती चार इंची भिंत पाडायला हरकत नव्हती. हल्लीच्या मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात आणि त्याच इमारतीचा भार घेतात. तिथे हा विचारच करायचा नाही. माझ्या नणंदेने खारघरला तसं घर घेतलंय. आमचं बघून तिलाही भिंत पाडायची होती, तिला मी हेच सांगितलं.

पण खरी अडचण पायाखाली होती. बाथरूमखालचा स्लॅब घराच्या बाकीच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. कामगार त्याला संकन म्हणतात. त्या फूटभर खोलीत सगळे पाइप बसतात आणि वर भराव घालून फरशी येते. बेडरूमखाली अशी जागा नसते. कमोडचा पाइप 110 मिलिमीटर जाडीचा, त्याला उतार हवा, म्हणजे तो संकन सोडून बाहेर येऊच शकत नाही. आणायचाच झाला तर अर्ध्या बेडरूमची जमीन उचलून ओटा करावा लागेल. डिझायनर तयार होती, ह्या ओट्याला तिने छानसं नावही दिलं होतं. रात्री अर्धवट झोपेत त्या ओट्यावरून कोण पहिलं पडेल, ह्यावर माझी आणि मुलाची पैज लागली.

आणि त्या ओट्याखाली कोण? काकांची बेडरूम. नॅशनल बिल्डिंग कोड, 2016 मी तेव्हा पहिल्यांदा उघडला. बँकेत बावीस वर्षं सर्क्युलरं वाचून अशा भाषेची सवय झालेली आहे. त्यात लिहिलंय की जलरोधक जमीन केल्याशिवाय संडास-बाथरूम दुसऱ्याच्या राहत्या खोलीवर येता कामा नये. जमिनीचा उतार मोरीकडे हवा, व्हरांड्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्या खोलीकडे नको. आणि ज्या खोलीत कमोड आहे तिला प्रवेश पूर्ण बंद करणारं दार हवं. मी हे वाक्य आईंना मराठीत करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, सरकारलाही कळतं."

नवऱ्याने शेवटचा डाव टाकला, वास्तुकलेचा. अमेरिकेत फिलिप जॉन्सन नावाच्या वास्तुविशारदाने 1949मध्ये स्वतःसाठी अख्खं काचेचं घर बांधलं, ते जगप्रसिद्ध आहे, वगैरे. मी त्या घराचे फोटो शोधले. चारी बाजूंनी काच, आत कुठेही खोली नाही, पलंगसुद्धा एका कपाटाआड. पण मध्ये विटांचा एक जाडजूड गोल उभा आहे. बाथरूम त्याच्या आत आहे.

मग एका संध्याकाळी आम्ही डायनिंग टेबलवर पट्टी-पेन्सिल घेऊन स्वतःच नकाशा काढला. आठ फुटांची भिंत पूर्ण पाडायची. डक्टकडच्या साडेतीन फुटांत कमोड, तिथे भिंत परत बांधायची आणि सरकतं दार बसवायचं. उरलेले साडेचार फूट शॉवर, त्यापुढे काच. बेसिन बाहेर बेडरूममध्ये, जिथे माझं ड्रेसिंग टेबल होतं तिथे. बेसिनचा पाइप बारीक असतो, तो भिंतीत खाचा मारून उताराने संकनपर्यंत नेता येतो. डिझायनरला अर्धी फी दिली, तिनेही वाईट वाटून घेतलं नाही. टाइल्सचे रंग मात्र तिनेच निवडले आणि ते छान आहेत, हे सांगायला हवं.

सोसायटीकडे अनामत भरली, कामाची वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा, राडारोडा गोणीत भरून फक्त सर्व्हिस लिफ्टने. दिवाळीनंतर, डिसेंबरात काम सुरू झालं. कंत्राटदाराने 25 दिवस सांगितले होते, लागले 67.

तोडफोड तीन दिवस चालली. आम्ही बेडरूमला प्लास्टिक लावून हॉलमध्ये झोपत होतो, तरी वरणात सिमेंटची चव यायची. तिसऱ्या दिवशी प्लंबरने हाक मारली. वरचा कोबा निघाला होता आणि खालचा विटांचा भराव काळाकुट्ट, ओलाचिंब, पिळला तर पाणी निघेल असा. नहाणी ट्रॅप आणि पाइप यांचा सांधा बिल्डरच्या माणसाने सील न लावता नुसता सिमेंटने लिंपला होता. अकरा वर्षं प्रत्येक आंघोळीतलं तांब्याभर पाणी त्या फटीतून भरावात जात होतं. आणि संकनच्या तळाशी डक्टमध्ये निघणारी एक बारीक नळी ठेवतात, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडतं आणि गळती आहे हेही कळतं. आमच्याकडे ती नळीच नव्हती. काकांना खालून बोलावून हे सगळं दाखवलं. ते खड्ड्याकडे बघत नुसते "अरे बापरे" म्हणाले, आणि मग प्लंबरला म्हणाले, "आमच्याकडेही असंच असेल का हो?" प्लंबरने उत्तर दिलं नाही.

स्लॅब नऊ दिवस सुकू दिला. कंत्राटदाराला हे नऊ दिवस फार जड गेले, तो रोज फोन करायचा. पण ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग म्हणजे ओल्या पाटीवर खडू. मग भेगा भरल्या, भिंत आणि जमीन मिळते त्या कोनात सिमेंटचा गोलावा दिला, कोपऱ्यांत जाळी चिकटवली, पॉलिमरचे दोन हात मारले. आणि संकनमध्ये चार इंच पाणी भरून ठेवलं, 48 तास. आईंनी पेन्सिलने भिंतीवर पाण्याची रेघ मारली आणि दर चार तासांनी चष्मा लावून बघायला जायला लागल्या. खाली काका टॉर्च घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. थंडीत एवढ्या वेळात बोटभर पाणी वाफ होऊन जात नाही. पाइप स्लॅबमधून जिथे बाहेर पडतो तिथे घोटाळा होता. परत सुकवणं, परत ग्राउट, परत कोट, परत 48 तास. ह्या वेळी रेघ आणि पाणी जागच्या जागी राहिलं. विटांचा नवा कोबा झाल्यावर त्याच्यावर तिसऱ्यांदा पाणी भरलं. ह्या एका गोष्टीत मी हटले नाही, आणि माझं मत विचाराल तर ह्या अख्ख्या कामात पैसे वसूल झाले ते इथेच. काच, बेसिन, दिवे, हे सगळं नंतर बदलता येतं.

टाइल्सच्या दुकानात दोन बाय चारच्या मोठ्या फरशा बघून भुलायला होतं. मोरबीचा माल, संगमरवरासारख्या रेघा, सांधे कमी. फरशीवाल्या मिस्त्रींनी शॉवरमध्ये ती लावायला साफ नकार दिला. मोठी फरशी वाकत नाही, तिला चारी बाजूंनी मधे उतार देता येत नाही. एकतर भिंतीलगत लांब जाळी टाकून एकाच दिशेने उतार द्या, नाहीतर छोटी फरशी घ्या. आम्ही एक बाय एकची, मॅट, पाय न घसरणारी घेतली. पाच फुटांत पाऊण इंच उतार. लावून झाल्यावर मुलाने चारी कोपऱ्यांतून गोट्या सोडल्या. तीन जाळीवर गेल्या, चौथी काचेच्या बाजूला येऊन थांबली. मिस्त्रींनी काही न बोलता ती फरशी उचकटली आणि पुन्हा बसवली. भिंत असती तर ती गोटी तिथेच थांबली असती आणि कोणाचं लक्षही गेलं नसतं. आता तिच्यापुढे दोन फुटांवर माझं लाकडी कपाट होतं.

काचेची गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. 10 मिलिमीटरची टफन्ड काच. ती आधी मापात कापतात, भोकं पाडतात आणि मग भट्टीतून काढतात. एकदा भट्टीतून निघाली की तिला कानसही लावता येत नाही, चुरा होतो. माप घ्यायला आलेल्या मुलाने फक्त खाली टेप लावला. आमची भिंत वरपर्यंत जाताना ओळंब्यात आठ मिलिमीटर कलते. काच आली काटकोनात, आणि वरच्या टोकाला करंगळी जाईल एवढी फट. दुकानदाराने सिलिकॉन भरून देतो म्हटलं. मी नाही म्हटलं. नवीन काच यायला 16 दिवस. तोवर आईंनी जांभळी नाक्यावरून फुलाफुलांचा प्लास्टिकचा पडदा आणून लावला. आल्यागेल्या सगळ्यांना तो आवडला.

त्याच दरम्यान इलेक्ट्रिशियनने एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी ना डिझायनरच्या ध्यानात होती ना आमच्या. पूर्वी गिझरचा आणि बेडरूमचा स्विचबोर्ड बाथरूमच्या भिंतीच्या बाहेर, कोरड्या बाजूला होता. भिंत गेल्यावर ती कोरडी बाजूच राहिली नाही. बोर्ड पलंगाकडे हलवला आणि त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. त्याने टेस्टचं बटण दाबून अंधार करून दाखवला आणि महिन्यातून एकदा असंच दाबत जा म्हणाला. सुरुवातीला दाबत होतो.

फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही परत आपल्या खोलीत झोपायला गेलो. सकाळी डोळे उघडले तर काचेतून आरपार उजेड शॉवरच्या मागच्या भिंतीवर पडलेला. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पहिला आठवडा आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला खोली दाखवली. पुण्याच्या आत्यांनी वास्तूचा विषय काढला, पलंगासमोर पाणी वगैरे. त्यांना आईंनीच गप्प केलं.

मग घड्याळ मध्ये आलं. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, पण कामं अमेरिकेच्या वेळेने, बरीचशी घरून. तो रात्री दीडला लॅपटॉप मिटतो आणि त्याला आंघोळ करून झोपायची सवय. मी साडेपाचला उठते, कारण इथून ठाणे स्टेशन गाठायलाच पाऊण तास आणि पुढे फोर्टपर्यंत लोकल. पूर्वी मध्ये भिंत होती म्हणून ह्या दोन वेळा एकमेकींना भेटत नव्हत्या. आता रात्री दीडला माझ्या डोळ्यांवर शॉवरचा दिवा आणि पहाटे साडेपाचला त्याच्या डोळ्यांवर बेसिनचा. गुळण्या, खाकरणं, जीभ घासताना येणारा तो आवाज. वीस वर्षांच्या संसारात मी हे सगळं दाराआडून ऐकलेलं होतं. प्रत्यक्ष दर्शन पहिल्यांदाच. आठव्या दिवशी त्याची रवानगी कॉमन बाथरूममध्ये झाली, खाकरण्यापुरती. बेसिनच्या ओट्याखाली एक मंद पिवळी पट्टी लावली, माणूस आला की आपोआप लागणारी. तेवढ्या उजेडात दात घासता येतात.

लाजेचा प्रश्न येईल असं मला वाटलं होतं, तो आलाच नाही. काचेला कमरेपासून खांद्यापर्यंत दुधी फिल्म लावली आहे. ज्या काचा बटण दाबल्यावर दुधी होतात त्याही बघितल्या होत्या. त्यांना आरपार दिसण्यासाठी वीज लागते, वीज गेली की त्या दुधीच होतात. किंमत ऐकून नाद सोडला. त्रास झाला तो उजेडाचा, आवाजाचा आणि सगळ्यात जास्त वाफेचा.

ते ऑगस्टमध्ये कळलं. उघडेपणा राहावा म्हणून काचेच्या वर दीड फूट मोकळं सोडलं होतं. गरम पाण्याची वाफ तिथून सरळ खोलीत. पूर्वी ती चाळीस चौरस फुटांत कोंडून एक्झॉस्टने बाहेर जायची. आता एसीवर, गादीवर, कपाटात. येऊरच्या बाजूने पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने भरलेली. नागपंचमीला पैठणी काढायला गेले तर कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी. कपाट आधीचंच, साध्या प्लायचं, त्याची खालची कड फुगून लॅमिनेट सुटलेलं. ओट्याखालचं नवीन कपाट मात्र आयएस 710 शिक्क्याच्या, पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचं होतं, त्याला काही झालं नव्हतं.

वरच्या मोकळ्या जागेत छतापर्यंत काचेची पट्टी बसवली, म्हणजे ज्या उघडेपणासाठी भिंत पाडली तो आणखी थोडा बंद केला. सहा इंची एक्झॉस्ट काढून आठ इंची, बरोबर शॉवरच्या डोक्यावर, टायमरसह. आंघोळ झाल्यावर वीस मिनिटं चालतो. शॉवरच्या दाराखाली बोटभर फट ठेवली आहे, कारण आत हवा आल्याशिवाय पंखा बाहेर काय फेकणार? एसी चालू असताना तोच पंखा थंड हवाही ओढून नेतो, त्यामुळे रात्री दीडच्या आंघोळीला आधी एसी बंद करायचा हा घरातला नियम आहे. पाळला जातो असं नाही. पैठण्या आईंच्या खोलीत गेल्या.

काच पुसायचं काम माझ्याकडे येणार हे मला गोव्यातच कळायला हवं होतं. तिथे ती दुसरं कोणीतरी पुसत होतं. पालिकेच्या पाण्याने फारसं होत नाही. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर दोन दिवसांत काचेवर पांढरे थेंब गोठल्यासारखे बसतात. दर आंघोळीनंतर वायपर, रविवारी व्हिनेगर. मुलगा वायपर मारायचे वीस रुपये मागतो.

आणि तरीही, 2023च्या सप्टेंबरमध्ये माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सहा आठवडे आमच्याकडे, ह्याच खोलीत राहिली. जुन्या बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं होतं आणि खाली दोन इंचाचा उंबरा. वॉकर घेऊन तिथून जाणं अशक्य होतं. आता ती पलंगावरून उठून, कुठलंही दार न ओलांडता, चार पावलांत बेसिनपाशी जायची. तोंड धुवायची, वेणी घालायची, औषधं घ्यायची, खुर्चीत बसून. शॉवरमध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला स्टीलचा दांडा. बेसिन बाहेर आणणं ही आम्ही केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती, आणि ती आम्ही ड्रेसिंग टेबलची जागा उरली म्हणून केली होती. कमोडच्या खोलीचं सरकतं दार मात्र ती दर वेळी पूर्ण लावून घ्यायची. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशीही. "पडले तर हाक मारीन," म्हणायची, "पण दार लाव."

एक चूक अजून होते, तीही सांगते. मे 2024मध्ये आम्ही वीस दिवस गावाला गेलो. परत आलो तर बेडरूममध्ये गटाराचा वास, थेट उशीपर्यंत. ट्रॅपमध्ये पाण्याचं पन्नास मिलिमीटरचं बूच असतं, ते डक्टमधला वास अडवतं. बेसिनखाली आम्ही जास्तीची एक जाळी ठेवली होती, तिथे एरवीही कधी पाणी जात नाही. उन्हाळ्यात ते सुकलं. पूर्वी असा वास दाराआड राहिला असता. आता गावाला निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन थेंब खोबरेल तेल. तेलाने पाणी लवकर उडत नाही, हे प्लंबरने सांगितलं. आणि पुढच्या वेळी निघेपर्यंत आम्ही हे विसरलेले असतो, त्यामुळे दाराला चिठ्ठी चिकटवली आहे.

खर्च 3 लाख 20 हजार ठरला होता, 4 लाख 65 हजार झाला. त्यात काकांच्या छताचं प्लास्टर आणि रंग आला. कपाट वेगळं.

काकांचा डाग गेला. दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा ते एकदा काकूंना घेऊन वर आले, खोली बघायला. काचेपुढे फार थांबले नाहीत. बेसिनपाशी बराच वेळ उभे राहिले, ओट्यावर हात टेकून बघितला, वाकून खालचा पाइप बघितला. काकूंना हल्ली चक्कर येते, रात्री उठावं लागतं.

"हे एवढंच बाहेर काढायचं तर किती लागतील?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना प्लंबरचा नंबर दिला. डिझायनरचाही मागत होते. म्हटलं, आधी तुमच्या खालच्यांना विचारून या, त्यांच्या छतावर काही डाग आहे का ते.